वॉलबी, कांगारू आणि आईची घूस

आई पहिल्यांदाच सिडनीला आलेली, जेट लॅग अजून उतरला नव्हता, तरी चौथ्या दिवशी सकाळी तिला आम्ही लेन कोव्ह नॅशनल पार्कात फिरायला घेऊन गेलो. रात्री पाऊस पडून गेला होता, वाट ओली, आणि एका झुडपाखाली काहीतरी हललं. काळपट तपकिरी, दाट केसांचं, पोटाकडे जरा तांबूस, पुढचे हात एवढेएवढेसे आणि त्या दोन हातांत एक फांदी धरून, आपण मक्याचं कणीस खातो ना तसं, शांतपणे पाला ओरबाडत बसलेलं. आईनं माझा दंड धरला आणि कुजबुजली, "अगं बाई, केवढी मोठी ही घूस!"

लेक म्हणाला, "आज्जी, ती वॉलबी आहे."

"म्हणजे कांगारूचं पिल्लू?"

"नाही गं, मोठीच आहे ती. वॉलबीच."

"मग कांगारूत आणि हिच्यात फरक काय?"

लेकानं माझ्याकडे बघितलं, मी नवऱ्याकडे, आणि नवरा मोबाईलमध्ये बघायला लागला. अकरा वर्षं राहतोय आम्ही इथं! तेवढ्यात ती वॉलबी डोकं खाली घालून, शेपूट मागे सरळ ताणून धपधप उड्या मारत झाडीत गेली आणि प्रश्न तिथंच राहिला. घरी आल्यावर वाचायला बसले, आणि या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी भलतीकडेच जाऊन पोचले, म्हणून म्हटलं लिहूनच काढावं.

आधी सरळ उत्तर. कांगारू आणि वॉलबी यांच्यात प्राणिशास्त्राच्या हिशोबानं पक्की रेघ नाहीच. दोघंही एकाच कुळातले, मॅक्रोपोडिडी नावाच्या, म्हणजे ग्रीकमधून अर्थ लावला तर ‘मोठ्या पायांचे’. या कुळातले जे आकारानं मोठे त्यांना इंग्रजीत कांगारू म्हणायची पद्धत पडली, जे छोटे ते वॉलबी, आणि मधल्या मापाचा एक आहे त्याला वॉलरू म्हणतात. लाल कांगारूचा नर पंच्याऐंशी किलोपर्यंत जातो, आम्ही बघितली ती स्वॉम्प वॉलबी साधारण दहा ते वीस किलोतली, आणि ऑस्ट्रेलियाच्या वायव्य कोपऱ्यात मोंजोन नावाची एक खडकात राहणारी वॉलबी आहे ती जेमतेम सव्वा किलोची. सव्वा किलो म्हणजे मांजराचं वाढतं पिल्लू, पण तीही वॉलबीच.

आपल्याकडे हरणाचं जसं असतं ना तसंच आहे हे. शहरातल्या माणसाला चितळ, सांबर, भेकर, काळवीट, चिंकारा सगळंच हरीण, आणि ताडोब्याचा गाइड मात्र कपाळाला हात लावतो, कारण चितळाची शिंगं दरवर्षी गळून नवीन येतात आणि काळवीटाची जन्मभर तीच, म्हणजे ही दोन मुळात वेगळ्या घराण्यातली. ‘हरीण’ हा शब्द आपल्या सोयीचा, निसर्गाच्या नाही. ‘वॉलबी’चं डिट्टो. या नावाखाली खडकात राहणाऱ्या रॉक वॉलबी येतात, सशासारख्या पळणाऱ्या हेअर वॉलबी येतात, शेपटीच्या टोकाला नखासारखा काटा असलेल्या नेलटेल वॉलबी येतात, आणि यातल्या प्रत्येक गटाची वंशावळ वेगळी. उलट लाल मानेची वॉलबी, जी टास्मानियात भरपूर दिसते, ती या बाकीच्या वॉलब्यांपेक्षा मोठ्या कांगारूंनाच जवळची आहे. बरीच वर्षं ती मोठ्या कांगारूंच्याच प्रजातीत धरायचे, मग २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या गटाचे तुकडे करून तिच्यासारख्यांना वेगळं नाव दिलं. सगळ्यात गंमत म्हणजे ‘वॉलेबिया’ अशा शास्त्रीय नावाच्या घराण्यात आज एकच सदस्य उरलाय, तो म्हणजे आईची घूस. स्वॉम्प वॉलबी.

आता नावाकडे, कारण खरी मजा तिथं आहे.

ऑस्ट्रेलियात इंग्रज वस्ती करायला आले ते १७८८ च्या जानेवारीत, अकरा जहाजं भरून, त्यात बरेचसे कैदी. ते येऊन उतरले ते सिडनीला. इथले मूळ लोक जी भाषा बोलायचे तिला आज धारुग म्हणतात, आणि वॉलबी हा शब्द त्या धारुगमधला. भाषेचे अभ्यासक तो वलबी किंवा वलिबा असा देतात. डिंगो, कोआला, वॉम्बॅट, बूमरँग हे शब्दही त्याच भाषेतून जगभर गेले, वॉलरू पण. म्हणजे आज ‘ऑस्ट्रेलियन’ म्हणून आपण जे शब्द ओळखतो त्यातले कितीतरी एका बंदराच्या आजूबाजूला राहणाऱ्या लोकांचे आहेत, आणि ते का, तर इंग्रज आधी तिथं उतरले म्हणून, दुसरं काही कारण नाही. पॅरामॅटा, जिथं आपली अर्धी मराठी मंडळी भाजी-किराणा आणायला जातात, ते नावही तिथं राहणाऱ्या बरामत्तगल लोकांवरून पडलेलं, आणि त्याचा संबंध ईल माशांशी लावतात, म्हणजे आपली वाम. तिथल्या रग्बी टीमचं नाव ईल्स आहे ते उगाच नाही.

पण कांगारू हा शब्द मात्र सिडनीचा नाही! तो आला दोन हजार किलोमीटर उत्तरेकडून. १७७० मध्ये कॅप्टन कुकचं एंडेव्हर जहाज तिकडे प्रवाळाच्या खडकावर चढलं, तळाला भोक पडलं, मग ते दुरुस्त करायला एका नदीच्या तोंडाशी आणून लावलं, आज तिथं कुकटाउन आहे. सात आठवडे मुक्काम पडला. तिथल्या गुगू यिमिधिर भाषेच्या लोकांकडून त्यांनी ‘गंगुरू’ हा शब्द उतरवून घेतला. तुम्ही ती गोष्ट ऐकली असेलच, की कुकनं विचारलं हे काय आहे आणि माणूस म्हणाला ‘कांगारू’ म्हणजे ‘मला कळत नाही’, आणि तेच नाव पडलं. साफ खोटी आहे. व्हॉट्सॲप नव्हतं तेव्हापासून फॉरवर्ड होतेय.

या गोष्टीला हवा मिळाली ती १८२० मध्ये. फिलिप पार्कर किंग नावाचा एक दर्यावर्दी त्याच जागी गेला आणि त्याला कांगारूसाठी भलताच शब्द ऐकायला मिळाला, ‘मिन्हा’च्या जवळपासचा. म्हणून लोक म्हणायला लागले की कुकच्या मंडळींनीच काहीतरी चुकीचं ऐकलं असणार. शेवटी १९७० च्या दशकात जॉन हॅविलँड नावाच्या भाषातज्ज्ञानं तिथं राहून ती भाषा शिकली आणि उलगडा झाला, की गंगुरू हे एका विशिष्ट मोठ्या गडद कांगारूचं नाव आहे, आणि मिन्हा म्हणजे खायचा प्राणी, कुठलाही. आता समजा एखादा परका मालवणात उतरला आणि टोपलीतल्या सुरमईकडे बोट करून म्हणाला हे काय, तर एक जण सांगेल सुरमई आणि दुसरा सांगेल म्हावरा. दोघंही बरोबरच आहेत की.

तर कुकच्या लोकांनी लिहून आणलेला हा शब्द इंग्लंडात पोचला, पुस्तकांत छापून आला, आणि अठरा वर्षांनी सिडनीला उतरलेले इंग्रज तो घेऊन आले आणि इथल्या लोकांसमोर मोठ्या आत्मविश्वासानं ‘कांगारू, कांगारू’ करायला लागले. म्हणजे कोणी गुवाहाटीत चार शब्द शिकावेत आणि कोल्हापूरच्या माणसासमोर येऊन बोलावेत, हा ‘इंडियन’च ना म्हणून. सिडनीच्या लोकांनी तो शब्द जन्मात ऐकला नव्हता. त्यांना वाटलं ही इंग्रजांचीच भाषा. वॉटकिन टेंच नावाच्या एका मरीन अधिकाऱ्यानं हे फार छान टिपून ठेवलंय: १७९१ मध्ये गॉर्गन जहाजातून गाई आल्या, त्या बघून कोलबी नावाच्या इथल्या माणसानं टेंचला विचारलं, हे कांगारू आहेत का? मी हे वाचून एकटीच हसत बसले होते. दोन्हीकडचे लोक तो शब्द समोरच्याचा समजून वापरतायत, आणि शब्द दोघांचाही नाही.

सिडनीच्या लोकांकडे मोठ्या करड्या कांगारूला स्वतःचं नाव होतंच, पटगरंग. छोट्याला वलबी, दणकट अंगाच्याला वलरू, आणि अजून बुटक्या गुबगुबीत एकाला बदिमलियन, ज्याचं इंग्रजांनी पॅडीमेलन करून टाकलं. म्हणजे आपण ज्याला ‘कांगारूचे प्रकार’ म्हणतो ते त्यांच्यासाठी प्रकार नव्हतेच, वेगवेगळी जनावरं होती, जसं चितळ आणि काळवीट.

इथं एका मुलीबद्दल सांगायलाच पाहिजे. विल्यम डॉज नावाचा लेफ्टनंट होता, ताऱ्यांचा अभ्यास करायला नेमलेला, त्यानं १७९० च्या सुमाराला इथली भाषा शिकायचा मनापासून प्रयत्न केला आणि त्याला शिकवणारी होती पट्येगरंग नावाची एक तरुण मुलगी. नाव बघा तिचं. पटगरंग, पट्येगरंग. मोठ्या करड्या कांगारूचं नाव होतं तिला. डॉजच्या वह्या आज लंडनमध्ये आहेत, त्यात नुसती शब्दांची यादी नाही, दोघांची बोलणी आहेत, वाक्यंच्या वाक्यं. १७८९ मध्ये देवीची साथ येऊन सिडनीच्या आसपासची निम्मी माणसं गेली असा अंदाज त्या वेळच्या गव्हर्नर फिलिपनं लिहून ठेवलाय, आणि त्याच्या नंतर वर्ष-दोन वर्षांत ही मुलगी त्या माणसाला ‘असं नाही, असं म्हण’ करत शिकवत होती. आज धारुग परत शिकवायचे प्रयत्न चाललेत, काही शाळांत मुलं शिकतातही, तर त्यांना आधार या असल्या वह्यांचाच.

स्पेलिंगचा घोळ पण समजून घ्या, कारण कुठं पटगरंग दिसेल कुठं बदगरंग. आपल्या कानाला प, फ, ब, भ हे चार वेगळे, पण या भाषेत प आणि ब मध्ये असा फरकच नाही, एकच ध्वनी. तो कोणाला प ऐकू यायचा, कोणाला ब. त-द चंही तेच. म्हणून प्रत्येक साहेबानं आपल्या कानाप्रमाणे लिहिलं. ‘पळ’ आणि ‘बळ’ यात आपण कधी गोंधळत नाही पण आपल्या न-ण वर बाहेरची माणसं कशी अडखळतात ते आठवा.

आणि आईच्या घुशीचं काय? तिथंही एक धागा निघाला, चक्क आपल्याकडचा. ऑस्ट्रेलियात बँडिकूट नावाचा एक लांब नाकाचा, पोटाला पिशवी असलेला प्राणी आहे. बँडिकूट हा शब्द तेलुगूतल्या पंदिकोक्कूवरून आला, म्हणजे डुक्कर-उंदीर, म्हणजे आपली घूस! हिंदुस्थानात राहिलेल्या इंग्रजांच्या तोंडी तो शब्द बसलेला होता, इथं आल्यावर तसंच काहीतरी दिसलं, दिलं चिकटवून. घुशीचा आणि त्याचा काडीचा संबंध नाही. म्हणजे आईनं जे केलं ते इंग्रजांनी दोनशे वर्षांपूर्वी करून ठेवलंय, फक्त त्यांचं पुस्तकात गेलं. पश्चिमेकडच्या रॉटनेस्ट बेटाचंही असंच, डच खलाशांना तिथले क्वोक्का उंदीर वाटले म्हणून ते ‘उंदरांच्या घरट्यांचं बेट’. क्वोक्का म्हणजे पण एक छोटी वॉलबीच म्हणा ना.

डचांवरून आठवलं, वॉलबीचं पहिलंवहिलं नीट वर्णन कुकच्याही १४१ वर्षं आधीचं आहे, १६२९ चं, आणि ते लिहिणारा माणूस आपल्या आग्र्यात सहा-सात वर्षं राहून गेलेला. फ्रान्सिस्को पेल्सार्ट. डच ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापारी, जहांगीराच्या राज्याबद्दलचा त्याचा अहवाल इतिहासवाले आजही वापरतात. त्याचं बटाव्हिया नावाचं जहाज पश्चिम ऑस्ट्रेलियाजवळच्या अब्रोल्होस बेटांवर फुटलं. हा मदत आणायला जावाला गेला आणि मागे राहिलेल्यांत बंड होऊन शंभराहून जास्त माणसांची कत्तल झाली, ती गोष्ट भयंकर आहे, इथं नको. पण त्या बेटांवर टॅमर वॉलब्या होत्या आणि बंडाला सामील न झालेले सैनिक त्यांच्यावर जगले. पेल्सार्ट लिहितो, हे एक जातीचं मांजर आहे, सशाएवढं, डोकं उदमांजरासारखं, पुढचे पाय अगदी आखूड. मादीच्या पोटाखाली पिशवी, हात घालता येतो एवढी, आणि आत आचळाला चिकटलेलं पिल्लू, वालाच्या एका दाण्याएवढं. त्यानं तर निष्कर्षच काढला, की पिल्लं आचळातूनच उगवतात.

चुकला, पण मी म्हणेन की फार हुशारीनं चुकला. कारण होतं असं: टॅमरचं पिल्लू पोटात जेमतेम २६-२७ दिवस वाढतं आणि अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी वजनाचं बाहेर येतं. खरंच वालाच्या दाण्याएवढं. डोळे नाहीत, मागचे पाय म्हणजे नुसते कोंब, पुढच्या हातांनी आईच्या केसांना धरत धरत ते एकटं पिशवीपर्यंत चढतं, आचळ तोंडात घेतं, आणि ते आचळ आत फुगतं. मग ओढलं तरी सुटत नाही. पेल्सार्टला ते उगवल्यासारखं दिसलं नसतं तरच नवल.

आता खरी करामत ऐका. पिल्लू झालं की तासाभरात, दिवसाभरात मादीचा परत नराशी संग होतो आणि नवा गर्भ राहतो. पण पिशवीत एक पीत असताना दुसरं कुठं ठेवणार? तर हा नवा गर्भ साधारण शंभर पेशींचा होऊन थांबतो. मरत नाही, वाढत नाही, थांबतो. आपण मळलेली कणीक फ्रीजमध्ये ठेवतो ना, लागेल तेव्हा काढायला, तसा. थोरलं दूध ओढतंय तोवर आईच्या शरीराला निरोप जात राहतो की अजून नको. टॅमरमध्ये तर यात सूर्याचाही हात आहे. २२ डिसेंबरला इकडचा सगळ्यात मोठा दिवस, त्यानंतर दिवस लहान व्हायला लागले की थांबलेले गर्भ जागे होतात आणि जानेवारीच्या शेवटाकडे कळपातल्या बहुतेक माद्या एकदमच वितात. संग झाल्यापासून विण्यापर्यंत जवळजवळ वर्ष, त्यातली खरी वाढ महिन्याभराचीही नाही.

आणि दूध! थोरलं पिल्लू पिशवीबाहेर उड्या मारतं पण प्यायला मुंडकं आत घालतं, धाकटं आत चिकटलेलं. थोरल्याच्या आचळाला घट्ट, स्निग्ध दूध आणि त्याच वेळी शेजारच्या आचळाला धाकट्यासाठी पातळ दूध. एकाच आईचं, एकाच वेळी. आमच्या बिल्डिंगमधला दूधवाला गाय-म्हैस वेगळी ठेवायचा तरी अदलाबदल व्हायची.

स्वॉम्प वॉलबी याच्याही पुढची. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की ही मादी पहिलं पिल्लू जन्मायच्या एक-दोन दिवस आधीच दुसऱ्यांदा गाभण राहते. तिला दोन गर्भाशयं असतात, आलटून पालटून. म्हणजे वयात आल्यापासून ती जवळपास कधीच ‘रिकामी’ नसते. हे आईला सांगितलं तर ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "बिचारी. म्हणून एवढं खात होती."

नाव गावभर होणं म्हणतात तसं या शब्दाचं झालंय. त्या अब्रोल्होस बेटांतल्या एका गटाला १८४० मध्ये बीगल जहाजावरच्या लोकांनी नाव दिलं, वॅलबी ग्रुप, म्हणजे सिडनीचा शब्द जाऊन बसला तीन हजारांवर किलोमीटर लांब, खंडाच्या दुसऱ्या टोकाला, जिथल्या लोकांच्या त्या जनावरासाठी स्वतःच्या भाषा होत्या. ऑस्ट्रेलियाची रग्बी टीम १९०८ मध्ये इंग्लंड दौऱ्यावर गेली तर तिथल्या पेपरांना त्यांना ‘रॅबिट्स’ म्हणायचं होतं. ससे ऑस्ट्रेलियात बाहेरून आणलेला उपद्रव, पिकं फस्त करणारा, त्यामुळे खेळाडू भडकले आणि वॉलबीज हे नाव घेतलं, ते आजतागायत. आपल्या क्रीडा पानांना मात्र एकच ठाऊक, ‘कांगारूंचा धुव्वा’.

सगळ्याच वॉलब्यांचं बरं झालं नाही. टूलाश नावाची एक होती, फार देखणी, अंगावर पट्टे आणि पळायला वाऱ्यासारखी, लोकांनी शिकारीचा खेळ केला आणि दलदली शेतीसाठी सुकवल्या. शेवटची १९३९ मध्ये पिंजऱ्यात मेली. पार्मा नावाचीही गेली असंच धरून चालले होते, तर १९६५ मध्ये ती सापडली न्यूझीलंडच्या कावाऊ बेटावर! पूर्वी एका साहेबानं हौसेनं नेऊन सोडलेल्या, तिथं त्यांनी एवढा उच्छाद मांडला होता की त्यांना मारायची मोहीम चालू होती. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियातही जिवंत सापडल्या. आणि २०२० च्या जानेवारीत, ते मोठे वणवे लागले होते तेव्हा, सरकारनं हेलिकॉप्टरमधून रॉक वॉलब्यांसाठी गाजरं आणि रताळी टाकली होती. आम्ही टीव्हीवर बघितलं होतं ते, घरात धुराचा वास, खिडक्या बंद, आणि टीव्हीवर आकाशातून रताळी पडतायत.

हे सगळं मी आईला तीन-चार रात्री जेवताना सांगितलं, तिला गंगुरू-मिन्हा आवडलं नाही फारसं, पण दाण्याएवढं पिल्लू मात्र डोक्यात बसलं. जायच्या आदल्या दिवशी कराडला मावशीला फोन लावून स्पीकरवर सांगत होती, "अगं घूस नव्हे ती, वालाबी म्हणतात. वाला-बी. पिल्लू वालाच्या बीएवढं होतं ना, म्हणून."

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

तिकडून मावशी म्हणाली, "तिकडं वाल मिळतात होय? कडवे का गोडे?"